भिवाने कांडलेले तांदूळ

करंजपाड्याच्या भिवाला आयुष्यात एक गोष्ट कधी जमली नाही, ती म्हणजे नाही म्हणणं. या एका उणिवेच्या जोरावर त्याने ओळीने सहा वर्षं साऱ्या ठाणे जिल्ह्यातला सुधारलेला शेतकरी म्हणून नाव कमावलं.

करंजपाडा म्हणजे डोंबिवलीच्या अलीकडचा, खाडीला चिकटलेला आगऱ्यांचा पाडा. तीस-पस्तीस घरं, एका अंगाला भाताची खाचरं, दुसऱ्या अंगाला मिठागरं. डोंबिवलीला तेव्हा नुकतंच स्टेशन झालं होतं. त्या स्टेशनातून पाड्याला दुसरं काही मिळालं नाही, पण सुधारक मिळाले. त्याआधी ठाण्याहून इथे यायचं तर होडी बघा, भरतीची वाट बघा. एवढ्या यातायातीने कोण कोणाचं भलं करायला जातो? गाडी सुरू झाली आणि घरी जेवून निघून, शेतकऱ्याचा उद्धार करून, दिवेलागणीला परत घरी पोचता येऊ लागलं.

असा उद्धार करणाऱ्यांत पहिले होते प्रभाकरपंत. ठाण्याला मासुंदा तळ्यापाशी राहत, वकिली करत. त्यांनी 'कृषिकला उत्कर्षक मंडळी' नावाची एक सभा काढली होती. तीत दोन वकील, एक पेन्शनर मामलेदार, एक हेडमास्तर आणि एक डॉक्टर होते. चिखलात पाय घातलेला एकही नव्हता, पण ते कोणाला खटकलं नाही. चिखलात पाय असणाऱ्यांना तर सुधारायचं होतं! मुंबईच्या व्यापाऱ्यांकडून नव्या अवजारांचे नमुने आणायचे, गावोगाव त्यांचं प्रात्यक्षिक करायचं, आणि एखाद्या शेतकऱ्याला ते अवजार वर्षभर वापरायला द्यायचं, हे मंडळीचं काम. पंत माणूस वाईट नव्हते, उलट फारच चांगले होते. शेतकऱ्याच्या कष्टांवर बोलू लागले की ते जेवणाची वेळ विसरत. फक्त ते कष्ट कशात असतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

पहिलं अवजार होतं लोखंडी नांगर. भाताच्या शेतीत नांगर लागतो आषाढात, गुडघाभर चिखलात. पण आषाढात पंतांना सर्दी होई, मामलेदारांना संधिवात धरी, आणि कोर्टालाही सुट्टी नसे. म्हणून प्रात्यक्षिक ठरलं मार्गशीर्षात. हवा छान, आकाश निळं, भात कापून झालेलं आणि जमीन तापल्या तव्यासारखी कडक. पंतांसाठी बांधावर पाट मांडला होता. त्यावर ते जोड्यासकट उभे राहिले आणि म्हणाले, "चालू द्या!" रेड्यांनी जोर केला. नांगर जमिनीवरून घसरत घसरत गेला आणि शेताला मांजराने बोचकारल्याएवढी रेघ उमटली. सगळा पाडा हसला. पंतांचा चेहरा इतका उतरला की भिवाला ते बघवेना.

"जाईल की, रावसाब," तो पुढे होऊन म्हणाला. "जमिनीला पान्याची वढ हाय. उंद्या या नि बगा."

दुसऱ्या दिवशी पंत परत आले तेव्हा तोच नांगर वाऱ्यावर होडी जावी तसा सुळकन गेला. पंतांनी डोळे पुसले. भिवाने मधल्या वेळात तळ्याचं पाणी पाट काढून खाचरात सोडलं होतं आणि आपल्या जुन्या लाकडी नांगराने जमीन दोनदा नांगरून ठेवली होती. तिसऱ्यांदा तिथून कोणी खुरपं ओढत नेलं असतं तरी ते सुळकन गेलं असतं.

झालं. कल्याणच्या प्रदर्शनात भिवाला लाल पागोटं आणि सर्टिफिकीट मिळालं. एरवीचा 'अरे भिवा' साहेबलोकांसमोर 'आमचे भिवाजीराव' झाला. त्या खाचराला पाड्यात 'मंडळीचं खाचर' म्हणू लागले. दर मार्गशीर्षात ते भिजवायचं, नांगरायचं, आणि मग नांगरून दाखवायचं. जगात तिप्पट कष्टाने श्रम वाचवणारा शेतकरी हा एकटाच असेल.

दुसऱ्या वर्षी पेरणीचं यंत्र आलं. ज्या मुलखात भात पेरून नाही तर रोपं उपटून लावतात, तिथे हे यंत्र काय करणार? भिवा म्हणाला, "लई ब्येस." यंत्र घरामागे उभं राहिलं; त्याच्या दांड्यांवर मासळी छान वाळत असे. लोखंडी नांगर प्रात्यक्षिकाचे दिवस सोडले तर होडीचा नांगर म्हणून खाडीत असे आणि तिथे मात्र त्याने खरोखर उत्तम काम दिलं. पंत विचारत, "कसं काय, भिवा?" भिवा म्हणे, "वापरात हाय, रावसाब." दोन्ही अवजारं खरोखरच वापरात होती.

इथवर हा पोरखेळ होता. कोणाचं काही बिघडत नव्हतं. चौथ्या वर्षी मंडळीने घिरट सुधारली, आणि गोष्ट ठमाबाईच्या खांद्यावर आली.

ठमाबाई भिवाची बायको. बोलायला थोडकी, कामाला भारी. घिरट म्हणजे भाताची साल काढायचं लाकडी जातं. ते घरोघर असेच. पण घिरटीतून निघालेला दाणा खाण्याजोगा व्हायला तो पुन्हा उखळात घालून मुसळाने कांडावा लागे, आणि ते काम बायकांचं. पहाटेपासून पाड्यात मुसळं वाजू लागत. अठरा-वीस वर्षं कांडून ठमाबाईचा उजवा खांदा असा धरला होता की हात वर जाईना. केस विंचरून अंबाडा घालायला तिला शेजारची तुळसा लागे.

मंडळीच्या हेडमास्तरांनी घिरटीला आतून लोखंडी दाते बसवले. आता म्हणे एकदाच फिरवायचं, खाली पांढरेशुभ्र तांदूळ! मुसळ चुलीत घाला! पंतांनी स्वतः घिरट आणून दिली. महिन्याने येऊन विचारलं, "काय भिवा, घरच्या माणसांचे श्रम वाचले ना?"

घिरटीतून खाली पडत होती कणी आणि पीठ. पण पंतांचा चेहरा आशेने फुललेला होता.

"वाचलं की!" भिवा म्हणाला. "मुसल बंदच झाला आमच्या घरी."

पंतांनी वहीत लिहिलं: 'या घरी मुसळ बंद झाले.' तेव्हापासून जो पाहुणा येईल त्याला ती घिरट दाखवायची पाळी आली. त्याची रीतही भिवाने बसवली. आदल्या दिवशी ठमाबाईने दोन पायली भात कांडून ठेवायचं. ते तांदूळ घिरटीखालच्या सुपात पसरायचे, वर मूठभर भात घालून घिरट चार वेळा फिरवायची, की पाहुणे सुपात हात घालून 'वाहवा' म्हणत. म्हणजे घरातलं मुसळ बंद झालंय हे दाखवायला ठमाबाईला रोजच्यापेक्षा दोन पायली जास्त कांडावं लागे. तिने दोन वर्षं ते केलं. एकदा फक्त म्हणाली, "तुमची मंडली येनार असली का आधी सांगत जा. त्या दिशी मी कपडं धुवाला नाय जानार, खांदा पुरवाया हवा."

भिवाला वाटलं, बायको कौतुकाने बोलतेय.

सहाव्या वर्षी कल्याणच्या प्रदर्शनात एक नवं हातयंत्र आलं. लोखंडी, बसक्या पिंपाएवढं, बाजूला दांडा, वर भात घालायचं तोंड. पुरुषमंडळी नांगरांभोवती जमली होती. हे यंत्र कोपऱ्यात होतं, कारण त्यात दाखवण्यासारखं शौर्य काही नव्हतं. ठमाबाई आणि तुळसा तिथे थांबल्या. दुकानदाराने मूठभर भात टाकून दांडा फिरवला. एका तोंडातून तूस उडालं, दुसऱ्यातून तांदूळ आले. अख्खे. ठमाबाईने एक दाणा दाताखाली धरून बघितला. मग कोणाला न विचारता तिने दांडा धरला आणि फिरवला.

"तुलसे," ती म्हणाली, "डाव्या हातानं फिरतंय गो!"

घरात शिरल्याशिरल्या ती भिवाला म्हणाली,

"ता यंतर आपल्याला मांगा."

लग्नाला बावीस वर्षं झाली होती आणि तिने मागितलेली ही पहिली वस्तू. भिवा ठाण्याला गेला. पंत ओटीवर कागद चाळत होते. भिवाने हवापाण्याच्या, पिकाच्या गोष्टी करत करत यंत्राचा विषय काढला.

"अरे वेड्या, तुला कशाला?" पंत हसले. "तुझ्या घरी मुसळ बंद झालंय! मंडळीचा ठरावच आहे, हे यंत्र जिथे अजून अडाणी रीत चालते अशा घरी द्यायचं. खाडीपलीकडच्या पाटलांनी मागणी केली आहे. त्यांच्याकडे अजून कांडतात म्हणे, फार मागासलेलं घर." मग आवाज खाली आणून म्हणाले, "आणि ऐक. गुरुवारी शेतकीखात्याचे गोरे साहेब येताहेत. आधी तुझ्याकडे नांगर आणि घिरट बघतील. यंत्र गाडीत घालून बरोबरच आणू, तिथूनच ते पुढे पाटलांकडे जाईल. तयारी चोख ठेव. साहेब खूश झाले तर मंडळीला सरकारमान्यता आहे!"

पाटलांनी यंत्रासाठी ओसरीवरची जागा सारवून ठेवली होती असं कळलं. ते फिरवायचं कोणी, याचा विचार अजून झाला नव्हता.

भिवा घरी आला. ठमाबाई दारातच बसली होती.

"काय बोल्लं पंत?"

"बोल्लं, आपल्याला गरज नाय."

"त्यांना कोनी सांगितला गरज नाय?"

भिवा पागोटं काढून झटकू लागला.

"सांगा की. कोनी सांगितला?"

"अगं, आता खोटा पडलो तं सायबाम्होरं माजी अब्रू जाईल. पागोटा जाईल!"

"पागोटा खुंटीवं ठेवता येतंय. खांदा कुठं काढून ठेवू?"

ठमाबाई उठली.

"बरा तं. गुरवारचं तांदूल मी कांडनार नाय. घिरट तुमची, सर्टिफिकिट तुमचा. तांदूलबी तुमीच काढा."

त्याला वाटलं, राग आहे, उतरेल. बुधवारी दुपारपर्यंत उतरला नाही. शेवटी भिवाने घरामागच्या परसाचं दार लावून घेतलं, उखळात भात ओतलं आणि मुसळ उचललं. आगऱ्याचा गडी मिठागरात दिवसभर उन्हात राबेल, पण मुसळाला हात लावेल तर शपथ. म्हणूनच तो दार लावून बसला होता. पण मुसळ काही दार लावून वाजत नाही. आणि कोणत्या घरचं मुसळ कोणाच्या हातात आहे हे बायकांना आवाजावरून कळतं. ठमाबाईचं मुसळ एका तालात, सरळ पडे. हे ऐकून वाटत होतं, कोणीतरी दाराला लाथा घालतंय. थोड्या वेळात कुडावर पाच-सहा डोकी दिसू लागली.

"अवं भिवादादा," तुळसा म्हणाली, "भात कांडताव का उखल फोडताव?"

"जा गो तुमी! कामं नाय तुमाला?"

"हाय की. पन आमच्या घरचा मुसल कुठं बंद झालाय? तुमच्याकडं झालाय म्हनून बघाया आलो, कसा बंद करतात ता."

दुपार सरेपर्यंत भिवाने पायलीभर भाताचा चुरा केला. त्यात तांदूळ होता, कोंडा होता, आणि पुष्कळशी कणी होती. दोन्ही तळव्यांवर फोड आले, ते फुटलेही. बायकोचा खांदा वर्षानुवर्षं दुखत होता तेव्हा भिवाला तो वयाचा गुण वाटला होता. स्वतःचे तळवे एका दुपारी फुटले, तेव्हा मात्र त्याला मुसळात काहीतरी दोष आहे असं वाटू लागलं. माणसाला अक्कल कुठून येईल सांगता येत नाही; काहींना ती हातातून वर चढते.

गुरुवारी साहेब आले. मागून मारुती गाडीवानाची बैलगाडी, तीत दोरखंडाने आवळलेलं यंत्र. पंतांचा पाट बांधावर मांडला गेला. शेजारी साहेबाला दुसरा मांडला होता, पण साहेब बूट घालून सरळ चिखलात उतरला, तेव्हा पंतांनाही नाइलाजाने उतरावं लागलं. सहा वर्षांत प्रथमच. भिवाने रेडे हाकले, पण मूठ धरवेना. फुटलेल्या तळव्याला लोखंड लागलं की हात आपोआप सुटे. नांगर वाकडा झाला, रेडे वाकडे झाले, बांध फुटला आणि खाचरातलं साठवलेलं पाणी शेजारच्या वालाच्या वाफ्यात गेलं.

"जनावरं नवी आहेत," पंत घाईने म्हणाले. "आपण घिरट बघू."

घिरट चार वेळा फिरली. साहेबाने सुपात हात घातला, मूठ उघडून बघितली आणि भिवाकडे बघितलं. मग त्याने भिवाचा हात धरून उलटा केला. तळव्यावरचं कातडं गेलेलं होतं.

तेवढ्याने भिवाचा बांधही फुटला.

"सायब, ह्यो घिरटीचा तांदूल नाय! ह्यो मी कांडलाय, काल! मुसल बंद नाय झाला आमच्या घरी. दोन वरसं ठमी कांडते नि मी दाखवतो. मी खोटा बोल्लो. तिचा खांदा जेलाय. ता यंतर तिला द्या!"

साहेबाला मराठी येत नव्हती. त्याने पंतांकडे बघितलं. सगळा पाडा पंतांकडे बघत होता. पंतांनी पगडी सारखी केली. मंडळी, मान्यता, सहा वर्षांचे अहवाल, सगळं डोळ्यांसमोरून गेलं असावं. मग इंग्रजीत म्हणाले, "तो म्हणतो की या घिरटीमुळे घरचं मुसळ इतकं सुटलं, की काल सहज गंमत म्हणून हातात घेतलं तर त्याच्या हातांना ते सोसलं नाही."

साहेबाने मान हलवली, वहीत काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

ठमाबाईला इंग्रजी येत नव्हतं. पण वही मिटली म्हणजे काय, ते तिला कळलं. सहा वर्षं ती त्या वह्या मिटताना बघत होती. ती घरात गेली आणि भाताची टोपली घेऊन बाहेर आली. थेट गाडीपाशी गेली, चाकावर पाय देऊन वर चढली, वरच्या तोंडात भात ओतलं आणि डाव्या हाताने दांडा फिरवायला लागली.

तूस वाऱ्यावर उडून पंतांच्या पगडीवर बसलं. तांदूळ गाडीच्या फळीवर पडू लागले. साहेब जवळ आला, मूठभर उचलले, आणि त्या दिवसात पहिल्यांदाच हसला.

"बरं, बरं, झालं हो बाई," पंत म्हणाले. "प्रात्यक्षिक झालं. आता गाडी जायची आहे."

"तुलसेचा राह्यलाय, पंत."

तुळसा टोपली घेऊन उभीच होती. तिचं झालं तर गोदूबाईचं होतं. गोदूबाईच्या मागे आणखी नऊ-दहा जणी, डोक्यावर भात, आणि ज्यांना अजून कळलं नव्हतं त्यांना हाका मारणाऱ्या दोघीतिघी. बुधवारी कुडावरून हसलेल्याही सगळ्या त्यांत होत्या. एक दमली की दुसरी दांडा धरी.

"मारुती, बैल जुंप!" पंत ओरडले.

मारुती निघायला तयारच होता. पण त्याची सासुरवाडी करंजपाड्यातली. गर्दीतून त्याची सासू पुढे आली आणि तिने त्याच्याकडे नुसतं बघत आपली टोपली गाडीवर ठेवली. मारुतीने मुकाट्याने बैल झाडाला बांधले आणि त्यांना पेंढा टाकला.

साहेबाने घड्याळ काढलं. ठाण्याची गाडी चुकली असती. पंत दोनदा बायकांकडे गेले, दोनदा परत आले. बायकांवर ओरडावं तर साहेब समोर, आणि साहेबाला तर ही रांग फारच आवडलेली! शेवटी दोघे स्टेशनाकडे गेले. यंत्र दिवे लागले तरी चालू होतं. मग मारुतीच म्हणाला की बैलांना घरी न्यायचं आहे, तेव्हा चौघींनी ते उतरवून भिवाच्या पडवीत ठेवलं. "उंद्या सकाली उरलेला करू नि मग लावून देऊ," ठमाबाई म्हणाली.

पंतांपुढे पेच होता. यंत्र ठरावाप्रमाणे पाटलांकडे गेलं असं लिहावं तर गेलेलं नव्हतं. भिवाकडे दिलं असं लिहावं तर त्याच्या घरी मुसळ बंद झाल्याची नोंद त्यांच्याच हातची. वकिली बुद्धी कामाला आली. त्यांनी अहवालात लिहिलं: 'करंजपाडा येथील प्रात्यक्षिक अद्याप चालू आहे.' पुढच्या वर्षी तेच लिहिलं. त्याच्या पुढच्याही. मंडळीच्या एकूण कारकिर्दीत पूर्ण खरं असलेलं ते एकच वाक्य.

भिवाला त्या अहवालात 'यंत्राचा उत्साहाने स्वीकार करणारे प्रगत शेतकरी' म्हटलं होतं. प्रत्यक्षात त्याच्याकडे वरून भात ओतायचं काम होतं, आणि तेही नीट करत नाही म्हणून बोलणी खायचं.

त्या पहिल्या फाल्गुनात खाडीपलीकडून पाटलांचा माणूस यंत्र न्यायला आला. ठमाबाई दांडा फिरवत होती.

"बसा," ती म्हणाली. "येवढी टोपली झाली का न्या."

तो बसला. त्या टोपलीमागे आणखी अकरा होत्या. तो पाणी प्याला, बायकांना दोन टोपल्या उचलू लागला, आणि ओहोटीची वेळ झाली तेव्हा होडीत बसून परत गेला.

आठवड्याने तोच माणूस पुन्हा आला. या खेपेला त्याच्या डोक्यावर पाटलीणबाईंनी पाठवलेलं भात होतं. तुळसाने त्याला रांगेत कोणाच्या मागे बसायचं ते दाखवलं.